हयातीपुरतं रान

मोठाईनं माझ्याकडं उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मागितली. तेव्हा मी तलाठी होतो. मी तिला नाही म्हणालो, आणि तेही कायद्याच्या भाषेत.

मोठाई म्हणजे माझी थोरली चुलती. आमचं गाव भूमच्या अलीकडं. एस.टी. फाट्यावर सोडते, तिथून अर्धा तास चालत जावं लागतं. थोरले चुलते मी पाहिलेले नाहीत. माझ्या जन्माच्या चार वर्षं आधी विहीर खोदताना दरड ढासळली आणि ते आत गेले. मोठाई तेव्हा वीस वर्षांची होती. लग्नाला तीन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तिचे भाऊ तिला न्यायला आले होते. ती गेली नाही. का गेली नाही, हे तिला कधी विचारावं असं मला सुचलंसुद्धा नाही. लहानपणापासून ती घरात होती, म्हणून ती असणारच, असं मी धरून चाललो होतो.

ती जात नाही म्हटल्यावर आजोबांनी गावातली चार माणसं बसवली आणि स्टॅम्पवर लिहून दिलं. ज्या रानात चुलते गेले तेच तीन एकर मोठाईला पोटगीसाठी. त्या रानाकडं घरात कुणाला बघवत नव्हतं. अर्धवट विहीर तशीच आ वासून पडलेली, भोवती मुरमाचे ढीग. नांगरायलाही कुणी जात नव्हतं. नको असलेलं रान नको असलेल्या सुनेला गेलं, असं कुणी तोंडानं बोललं नाही, पण झालं तसंच.

कागदात लिहिलं होतं, ‘सदर जमीन तुम्ही तुमचे हयातीपर्यंत वहिवाटावी व उत्पन्नावर उदरनिर्वाह करावा. विक्री, गहाण, बक्षीस करू नये. तुमचे पश्चात जमीन घराकडे परत येईल.’ खाली आजोबांची सही, पंचांचे अंगठे. मोठाईला वाचता येत नव्हतं. तिनं तो कागद ट्रंकेत लुगड्याच्या घडीत ठेवला आणि रानात कामाला लागली.

त्या रानाच्या बांधाला लागून ओढ्याच्या अंगाला एकरभर खडकाळ तुकडा होता. तो मावशीच्या घरचा. मावशी म्हणजे मोठाईच्याच वयाची बाई. तिच्या सासरच्यांनी तीन-चार वर्षांमागंच धर्म बदलून बौद्ध धर्म घेतला होता, आणि गावातल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांत ते सलत होतं. त्यांना कामाला बोलवायचं कमी झालं होतं. मोठाईनं मावशीला आणि तिच्या नवऱ्याला बोलावलं. म्हणाली, “इहीर पुरी करू. पाणी लागलं तर तुमच्या तुकड्यालाबी देईन.”

मावशीचा नवरा खाली उतरून सुरुंगाची भोकं पाडायचा. या दोघी दगडमातीच्या पाट्या डोक्यावरून वर वाहायच्या. दोन उन्हाळे त्यात गेले. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी लागलं, आणि असं लागलं की दुष्काळातसुद्धा त्या विहिरीचा तळ कुणी पाहिला नाही. पहिली बादली मोठाईनं मावशीला काढायला लावली. हे आजोबांना कळलं तेव्हा ते रानात जाऊन पुष्कळ बोलले. मोठाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मामंजी, रान मला दिलंय ना? मग पाणी कुणी काढायचं ते म्या बघीन.” ही गोष्ट आमच्या घरात मी कितीदा ऐकली. सांगणारे सगळे रागानं सांगायचे. मला मात्र ऐकताना मोठाईचा अभिमान वाटायचा.

मी मावशीला लहानपणी एकेरी नावानं हाक मारायचो. आमच्याकडं तशीच रीत होती, तिच्या वस्तीतल्या थोरामोठ्यांनाही पोरं नावानंच बोलवायची. एकदा मोठाईनं ते ऐकलं आणि माझ्या कानाखाली वाजवली. “मावशी म्हण,” एवढंच बोलली. तेव्हापासून ती मावशी. दुपारी दोघी विहिरीजवळच्या लिंबाखाली भाकरी खायच्या. मोठाईचं फडकं आणि मावशीचं फडकं शेजारी शेजारी सोडलेलं असायचं, आणि मी दोन्हींतलं खायचो. आमच्या घरी ते माहीत नव्हतं.

मोठाईनं ते रान सोन्यासारखं केलं. ज्वारी, करडई, हरभरा, विहिरीच्या कडेनं मिरच्या आणि वांगी. पुढं गावातून डांबरी रस्ता निघाला, तो नेमका त्या रानाला खेटून गेला. एके काळी ज्या रानाचं नाव कुणी काढत नव्हतं, त्याकडं आता सगळ्यांचं लक्ष जाऊ लागलं. त्यात मीही होतो.

मी शिकलो, तलाठी झालो. वडील वारले तेव्हा सातबाऱ्यावर आम्हा दोघा भावांची नावं लागली. मोठाईच्या रानाच्या उताऱ्यावरही मालक म्हणून आमचीच नावं होती. मोठाईचं नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात होतं, पुढं ‘पोटगी, हयातीपर्यंत’ अशी नोंद. आजोबांच्या वेळची ती नोंद पुढं तशीच उतरत आली होती. आमच्या खात्यात सुरुवातीलाच शिकवतात की मालकी ही एकसंध वस्तू नसते. एकाच जमिनीवर ताबा एकाचा असतो, पीक दुसरा घेतो, विकायचा अधिकार तिसऱ्याकडं असतो, आणि शेजारच्याला त्यातून वाट किंवा पाणी मिळतं. हे सगळे धागे वेगवेगळे ओळखायचे, वेगवेगळ्या रकान्यांत भरायचे. मला ते छान जमायचं. दुसरी गोष्टही शिकवतात, की सातबारा हा मालकीचा पुरावा म्हणून पुढं करतात, पण तो मालकी निर्माण करत नाही. तो फक्त नोंद ठेवतो, आणि नोंद चुकीची असू शकते. ते मी परीक्षेत लिहिलं होतं.

मोठाई पासष्टीची असेल, तेव्हा एक दिवस माझ्या भूमच्या ऑफिसात आली. एकटीच, एस.टी.नं. हातात हरभऱ्याच्या ढाळ्यांची पेंडी. बाहेर लोकांसाठी बाकडं होतं, त्यावर ती बाकीच्यांसारखी नंबर लावून बसली होती. मला दिसली तेव्हा मी उठून गेलो.

“मोठाई, इथं कशाला बसलात? घरी यायचं ना सरळ.”

“घरचं काम न्हाय. हापिसातलं हाय.”

आत आणून खुर्चीवर बसवलं. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, “माझं रान माझ्या माघारी मावशीच्या नावानं करायचंय. काय काय कागद लागत्यात ते सांग.”

मी हातातला पेन खाली ठेवला. मग मी म्हणालो, “मोठाई, ते रान तुमच्या नावावर नाही.”

“मग कुणाच्या हाय?”

“आमच्या दोघा भावांच्या. तुमचं नाव इतर हक्कात आहे.”

“इतर हक्क म्हंजी?”

“म्हणजे तुम्ही हयात आहात तोवर कसायचं, पिकवायचं, खायचं. विकायचा किंवा कुणाला द्यायचा अधिकार त्यात येत नाही. आजोबांच्या कागदातच तसं लिहिलंय.”

“म्या पंचेचाळीस वर्सं त्या रानात हाय. इहीर म्या काढली.”

“व्हय. पण विहीर काढली म्हणून मालकी होत नाही, मोठाई.”

हे वाक्य मी इतक्या सहज म्हणालो, की शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानंही मान डोलावली.

ती माझ्याकडं बघत राहिली. “म्हंजी म्या तुमचं कूळ हाय व्हय?”

“कूळ नव्हे. हा हयातीतला हक्क.”

“मावशीला काय मिळत न्हाय मग.”

“कायद्यानं नाही.”

“बरं,” ती म्हणाली. उठली. ढाळ्यांची पेंडी टेबलावर ठेवली. “लेकरांस्नी दे.” आणि गेली. मी तिला स्टँडवर सोडायलाही गेलो नाही. माझ्यासमोर माणसं उभी होती.

इथपर्यंत मी अज्ञानी होतो, असं म्हणता येईल. पुढचं तसं म्हणता येत नाही.

मोठाईच्या तोंडावरचा तो भाव मला आठवडाभर त्रास देत होता. भूमच्या कोर्टाच्या आवारात एक म्हातारे वकील बसायचे. त्यांच्याकडं माझं कामानिमित्त जाणं-येणं होतं. चहा पिता पिता मी त्यांना, जणू कुणा तिऱ्हाइताची गोष्ट असावी तशी, ही गोष्ट सांगितली. त्यांनी कप खाली ठेवला. “पोटगीत दिलेली जमीन का? विधवेला?”

“हो. पण कागदात साफ लिहिलंय, हयातीपर्यंत.”

“कागदात काय लिहिलंय त्यावर सगळं नसतं. बायकांच्या पोटगीच्या जमिनीचं वेगळं असतंय. कागद आणून दाखवा एकदा, मग सांगतो.”

कागद मोठाईच्या ट्रंकेत होता. एक फेरी मारली असती तर मिळाला असता. मी गेलो नाही. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणालो, मग महिनाअखेरीला जाऊ म्हणालो. रिटायर झाल्यावर त्या रानात रस्त्याच्या कडेला चार खोल्यांचं घर बांधायचं माझ्या मनात होतं. बायकोजवळ मी ते बोललोही होतो. वकिलांकडं न जाण्याचं कारण तेच होतं, हे मी तेव्हा स्वतःला कळू दिलं नाही. त्या आवारातून जायचा रस्ताही मी बदलला.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा मोठाईनं मला बाजूला घेतलं. “कुणा मोठ्या वकिलाला इचारलंस का?”

“विचारलं,” मी म्हणालो.

“काय म्हणला?”

“तेच म्हणाले. देता येत नाही.”

ती परत कधी त्या विषयावर बोलली नाही. त्यानंतरची चार वर्षं ती गप्प गप्प असायची. भाऊ म्हणायचा, “मोठाई आता सुधारली. प्रत्येक गोष्ट विचारून करायलीय.” मला ते ऐकून बरं वाटायचं. ती गेली ती ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत. चार दिवस ताप, आणि पाचव्या दिवशी सकाळी संपली. मी पोचलो तेव्हा मावशी अंगणाच्या कडेला बसली होती. तिनंच शेवटचे दोन दिवस मोठाईला पेज पाजली होती, असं भावजयीनं सांगितलं.

फेरफाराचा अर्ज मीच लिहिला. ‘इतर हक्कातील इसम मयत झाल्याने नाव कमी करावे.’ एका ओळीचा अर्ज. महिन्याभरात मोठाईचं नाव उताऱ्यावरून गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात भावानं मावशीच्या तुकड्याकडं जाणारा पाइप काढून घेतला. म्हणाला, आपल्यालाच पाणी पुरंना. मावशी माझ्याकडं भूमला आली. तिचा नवरा तोवर वारला होता. ती मला साहेब म्हणाली. आधी ती मला बाळ म्हणायची.

“साहेब, आमच्या पाण्याचं तेवढं भावाला सांगा.”

मी तिला विचारलं, “मोठाईनं काही लिहून दिलं होतं का?”

“पाणी का लिहून देत्यात व्हय?”

“मग अवघड आहे, मावशी.”

इतक्या वर्षांच्या वहिवाटीवर कोर्टात दाद मागता येईल का, एवढं तरी तिला सांगायला हवं होतं. लोकांना मी रोज हेच सांगायचो. तिला सांगितलं नाही, कारण दावा झाला असता तो माझ्यावरच. भावालाही मी एका शब्दानं बोललो नाही. दोन हंगाम तिचा तुकडा कोरडा गेला. मग घराला कुलूप लावून ती तेरखेड्याला लेकीकडं राहायला गेली. लेक तिथं फटाक्यांच्या कामावर कागदी नळ्या वळायला जायची.

भाऊ रान करत राहिला. मी घराचा नकाशा काढून घेतला होता, पण बांधायला हात घातला नाही. काही ना काही अडचण निघत गेली.

मोठाई जाऊन बारा वर्षं झाली तेव्हा मी मंडळ अधिकारी होतो. नोकरीचं शेवटचं वर्ष. फेरफारावर कुणी हरकत घेतली की ते तक्रारी प्रकरण माझ्यासमोर यायचं. असंच एक आलं. एका विधवा म्हातारीनं आपली दोन एकर जमीन बक्षीसपत्रानं भाचीला दिली होती. दिराच्या मुलांनी हरकत घेतली. त्यांनी जुना कागद पुढं केला. मी तो वाचायला घेतला आणि मधेच थांबलो. शब्द जवळजवळ तेच होते. हयातीपर्यंत वहिवाटावी. विक्री, गहाण, बक्षीस करू नये.

दिराची मुलं तावात होती. “साहेब, कागदात साफ लिहिलंय. बाईला द्यायचा अधिकारच नाही.”

म्हातारीच्या बाजूनं एक तरुण वकील मुलगी आली होती. नुकतीच सनद घेतलेली असावी. बोलताना सारखी कागदांकडं बघत होती, पण बोलत होती नेटकं.

“साहेब, छप्पन्न सालच्या वारसा कायद्याचं चौदावं कलम बघा. विधवेला सासरच्या मिळकतीतून पोटगी मिळायचा हक्क आधीपासूनच होता. तो या कागदानं तिला दिलेला नाही. कागदानं फक्त त्या हक्कापोटी कुठली जमीन ते ठरवलं. म्हणून हयातीपर्यंत ही अट टिकत नाही. अशी जमीन ज्या बाईच्या ताब्यात आहे, ती तिची पूर्ण मालक होते. विकू शकते, देऊ शकते, मृत्युपत्र करू शकते.” आणि तिनं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या झेरॉक्स माझ्यापुढं ठेवल्या.

निकाल जुना होता. मी नोकरीला लागायच्या आधीचा.

मी पुढची तारीख दिली. झेरॉक्स घरी नेल्या, दोनदा वाचल्या, तहसीलमधल्या वरिष्ठांना विचारलं. मुलगी बरोबर होती. पुढच्या तारखेला मी नोंद मंजूर केली. म्हातारीला काय झालं ते नीट कळलं नसावं, ती भाचीला विचारत होती, “काय म्हणले साहेब?” भाची म्हणाली, “रान तुझंच होतं म्हणले.” म्हातारीनं माझ्याकडं बघून हात जोडले. मला तिच्याकडं बघवेना. फायलीत डोकं घालून मी पुढचं नाव पुकारायला सांगितलं.

त्या रविवारी गावी गेलो. मोठाईची ट्रंक भावाच्या घरी माळ्यावर होती. कागद अजून लुगड्याच्या घडीतच होता. भावाला बसवून सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “बरं, मालकीण होती. पण तिनं मृत्युपत्र केलं का?”

“नाही.”

“मग मूलबाळ नसलेल्या विधवेची जमीन कुणाकडं येती?”

“नवऱ्याच्या वारसांकडं. म्हणजे आपल्याकडंच.”

“मग झालं की. तसंबी आपलंच, असंबी आपलंच.”

कायद्यानं तो अगदी बरोबर बोलत होता. मृत्युपत्र का केलं नाही, हे त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही.

निवृत्त झाल्यावर मी वाटणी मागितली. भावाला वाईट वाटलं, पण त्यानं अडवलं नाही. विहिरीकडची बाजू त्याच्याकडं, रस्त्याकडचं दीड एकर माझ्याकडं, विहीर सामाईक. वाटणीपत्र झाल्यावर मी तेरखेड्याला गेलो.

मावशी ऐंशीच्या पुढं गेली होती. पत्र्याच्या घरासमोर चिंचा फोडत बसली होती. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, जाड चष्मा. मी समोर उभा राहिलो तरी तिला पटकन ओळख लागली नाही.

“कोण हाय?”

“मी, मावशी. मोठाईचा पुतण्या.”

“तलाठी साहेब व्हय. बसा.”

मी जमिनीवर बसलो. तिनं गडबडीनं चटई पुढं केली. मी येताना वाटेत पुष्कळ जुळवाजुळव केली होती, त्यातलं काही आठवेना. सरळ सांगितलं.

“मावशी, मोठाई त्या रानाची मालकीण होती. पूर्ण मालकीण. तुम्हाला द्यायचा तिला हक्क होता. आधी मला माहीत नव्हतं. मग एकानं सांगितलं, कागद दाखव म्हणून, तर मी दाखवला नाही. मोठाईनं परत विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.”

तिचे हात थांबले. मग चिंचोके एका बाजूला सारत म्हणाली, “तुमच्या हापिसातनं आली ना त्या दिशी, ती घरी गेली न्हाय. थेट माझ्याकडं आली. बांधावर बसली. मला म्हणली, बाई, म्या तुला उगंच आशा लावली. माझं काय नव्हतं ह्यात. सासऱ्यानं खायाला दिलं हुतं आन म्या मालकिणीवानी वागले. मला माफ कर म्हणली.”

मी मान वर केली नाही.

“तुमास्नी सांगते साहेब, त्याच्या मागारी ती पयल्यासारखी रानात वावरली न्हाय. यायची, पण कडंला बसायची. लिंबाची फांदी तोडायची आसली तर म्हणायची, थांब, इचारते. तुमच्या भावाला इचारून यायची. आदी कवा कुणाला इचारली नव्हती ती. सासऱ्यालाबी न्हाय.”

भावाच्या तोंडून मी जे ऐकत होतो, मोठाई आता विचारून करते म्हणून, त्याचा अर्थ मला तिथं, त्या चटईवर बसून कळला. रान तर ती गेल्यावरच आमच्याकडं आलं. पण ते आपलं आहे, ही तिची समजूत मी ती जिवंत असतानाच काढून घेतली होती. पंचेचाळीस वर्षं ती मालकीण म्हणून वागली, आणि ती होतीच मालकीण. शेवटची चार वर्षं ती दुसऱ्याच्या रानात परवानगी मागत फिरली, ती माझ्यामुळं.

मी पिशवीतून वाटणीपत्र काढलं. “मावशी, माझ्या वाट्याचं दीड एकर मी तुमच्या नावावर बक्षीसपत्र करून देतो. उद्याच्या उद्या करू.”

तेवढ्यात तिची लेक कामावरून आली. हाताला कागदाची खळ वाळलेली. तिला सांगितलं. ती आईजवळ बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “आई, घी की. द्यायलेत तर घी.”

मावशीनं मान हलवली. “तिनं दिलं आसतं तर म्या घेतलं आसतं. ते आमा दोघीतलं हुतं. साहेबांनी दिलं तर ते साहेबांचं देणं झालं. मला न्हाय पायजे.”

“मावशी, तिचीच इच्छा होती ना?”

“व्हय. पण ती आता हाय कुठं सांगायला?”

मी आणखी दोन-तीनदा बोलून पाहिलं. ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं लेकीला चहा करायला लावला, कपात जास्तीची साखर घालायला सांगितली, लहानपणी मला गोड लागायचं म्हणून.

तीन महिन्यांनी तिच्या लेकीचा फोन आला. तिला ओढ्याकडचा तुकडा पुन्हा पेरायचा होता. नवऱ्याला ढोकीच्या साखर कारखान्याकडं ट्रॅक्टरवर काम मिळालं होतं आणि तिला फटाक्याचं काम सोडायचं होतं. “साहेब, रानाचं आई म्हणती ते म्हणती. पण पाणी मिळंल का?”

भावाला राजी करायला मला माझ्या दीड एकरातलं रस्त्याकडचे वीस गुंठे त्याला द्यावे लागले. घर बांधायचं ठरवलेली जागा तीच. वाईट वाटलं नाही असं नाही. पण त्या बदल्यात त्यानं सही केली. आठवड्यातून तीन दिवस विहिरीचं पाणी, पाइप न्यायला जागा, आणि हा हक्क त्या तुकड्याचा, तुकडा ज्याच्याकडं जाईल त्याच्याकडं जाणारा. दस्त नोंदवला, आणि उताऱ्यावर इतर हक्कात त्याची नोंद मी स्वतः पाठपुरावा करून घालून घेतली. लेकीनं सही करताना तो कागद सगळा वाचला. दोन ठिकाणी मला अर्थ विचारला. तिला वाचता येतं याचा मला फार आनंद झाला.

यंदा तिनं हरभरा घेतला. बरा आलाय.

माझं उरलेलं एकर तसंच आहे. भाऊ ते अर्धलीनं, निम्म्या पिकावर, करतो. मावशीच्या लेकीच्या नावानं त्याचं मृत्युपत्र मी लिहून ठेवलंय, हे मावशीला ठाऊक नाही. हे बरोबर की तिच्या नकाराला दिलेली ही बगल, मला ठरवता येत नाही. मावशी स्वतः गावाकडं एकदाही आलेली नाही. लेक सांगते, ये आई, रान बघायला चल, तर म्हणते, गुडघे दुखत्यात.

दोन-तीन महिन्यांतून एकदा मी तेरखेड्याला जातो. ती बसायला चटई देते, चहा देते. मोठाईच्या गोष्टी सांगते, ती कशी हसायची, कशी पोहायची, चुलत्यांच्या आठवणीनं विहिरीत उतरताना पहिल्या पायरीला कशी हात लावायची. यातलं बरंचसं मला माहीत नव्हतं. दर वेळी जाताना ठरवतो की आज तिला स्पष्ट विचारायचं, मावशी, तुम्ही मला माफ केलंत का. चहा संपतो, ती मोठाईबद्दल किंवा नातवंडांबद्दल बोलत असते, साडेचारची भूमची गाडी यायची वेळ होते आणि मी उठतो.

“या साहेब परत,” ती म्हणते.